घरचे मॉइश्चरायझर : पाणी डबीत नको, त्वचेवर हवे

वाचकाचे पत्र : "माझ्या कामात दिवसातून बऱ्याच वेळा हात धुवावे लागतात. बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि नडग्यांवरची त्वचा कोरडी होऊन पांढरे पापुद्रे निघतात. विकतच्या क्रीमवरची घटकांची लांबलचक यादी वाचून भीती वाटते, म्हणून मी घरीच क्रीम केले. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी आणि खोबरेल तेल मिक्सरमधून एकजीव केले, ते टिकावे म्हणून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घातल्या आणि वासासाठी लव्हेंडर तेलाचे काही थेंब टाकले. सुरुवातीला क्रीम सुरेख होते. नंतर तळाशी पाणी सुटले, आणि दुसऱ्या आठवड्यात झाकणाच्या आतल्या बाजूला काळपट ठिपके दिसले. ते पुसून मी क्रीम वापरत राहिले, तर कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या. नेमके काय चुकले? पुन्हा करायचे तर कसे करावे? बहिणीच्या सहा महिन्यांच्या बाळाला ते लावता येईल का, आणि मैत्रिणींना भेट म्हणून देता येईल का?"

सप्रेम नमस्कार.

डबीत अजून काही उरले असेल, तर ते आधी टाकून द्या. झाकणावरचे काळपट ठिपके म्हणजे बुरशी. ती डोळ्यांना दिसू लागते तेव्हा तिचे तंतू बरेच खोल गेलेले असू शकतात, त्यामुळे वरचे पुसून किंवा खरवडून काढल्याने आतले क्रीम वापरण्याजोगे होत नाही. बुरशी निदान दिसते तरी. जिवाणूंची भरपूर वाढ झालेले क्रीम रंगाने, वासाने आणि स्पर्शाने पहिल्या दिवसासारखेच असू शकते. तुमच्या पेरांना आधीच चिरा पडलेल्या असल्यामुळे अशा हातांना असे क्रीम चोळणे म्हणजे संसर्गाला आपणहून वाट करून देणे आहे.

तुमच्या कृतीत दोष आला तो पाण्यामुळे. कोरफडीच्या ताज्या गरात सुमारे 99 टक्के पाणीच असते आणि उरलेल्या भागात सूक्ष्मजीवांना आवडतील अशा शर्करा असतात; गुलाबपाणी तर पाणीच. जिथे पाणी आहे, तिथे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी वाढणार, मग ते पाणी उकळून घेतलेले असो वा ऊर्ध्वपातित असो. दर वेळी डबीत बोट बुडवले की नव्याने भर पडते. शीतकपाटात ठेवल्याने ही वाढ मंदावते, थांबत नाही. म्हणून पाणी असलेली आणि प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारे द्रव्य, नसलेली कोणतीही गोष्ट एका वेळेपुरती करावी, आणि ठेवलीच तर शीतकपाटात दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये.

व्हिटॅमिन ई घातल्याने क्रीम टिकते, हा समज फार पसरलेला आहे. हे जीवनसत्त्व तेलाचा हवेशी संयोग होऊन ते खवट होण्याची क्रिया लांबवते. बुरशी आणि जिवाणू यांच्यावर त्याचा इलाज चालत नाही. सुगंधी अर्कतेलांवर किंवा ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्कावरही या कामासाठी विसंबता येत नाही. ज्यांच्यावर विसंबता येते, त्यांपैकी फिनॉक्सीइथेनॉल युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांमध्ये जास्तीत जास्त 1 टक्का वापरण्याची मुभा आहे, तर सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही द्रव्ये मिश्रण पुरेसे आम्लधर्मी असेल तरच काम करतात. म्हणजे अचूक वजन करणे आले आणि सामू, म्हणजे पीएच, मोजणे आले. तुम्हाला ज्या लांबलचक यादीची भीती वाटते, तिच्यातली दोन-तीन नावे क्रीमला बुरशी लागू नये एवढ्यासाठीच असतात, आणि बुरशी लागलेल्या क्रीमपेक्षा ती नावे बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळाशी पाणी सुटण्याचे कारण वेगळे आहे. मिक्सरने तेल आणि पाण्याचे बारीक थेंब एकमेकांत पसरतात, पण त्यांना तसे धरून ठेवणारे इमल्सीफायर नसेल तर ते पुन्हा वेगळे होणारच. मधमाशांचे मेण घातले की क्रीम फुटत नाही, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, तेही अर्धवट खरे आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन यांच्या नावावर मेण, तेल आणि गुलाबपाणी यांची एक जुनी कृती सांगितली जाते, आणि त्वचेवर लावल्यावर त्यातले पाणी उडून गार वाटत असे, म्हणूनच ती पुढे कोल्ड क्रीम या नावाने ओळखली गेली. नुसते मेण ते पाणी धरून ठेवू शकत नसे. पुढे त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालू लागले, तेव्हा मेणातल्या आम्लांशी त्याची क्रिया होऊन एक प्रकारचा साबण तयार होऊ लागला आणि मिश्रण टिकू लागले. टाकणखार आज घरी वापरावा असे मी मुळीच सुचवणार नाही.

आता त्वचेकडे वळू. तिचा सर्वांत वरचा थर शरीराच्या बहुतेक भागावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे 0.02 मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी मानतात : मृत, चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये भरलेले स्निग्ध पदार्थ हा चुना. या स्निग्ध पदार्थांत वजनाने साधारण निम्मा भाग सिरॅमाइडचा असतो आणि उरलेल्यात प्रामुख्याने कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले असतात. साबण, डिटर्जंट आणि गरम पाणी तो चुनाच खरवडून नेतात, आतले पाणी हवेत निसटू लागते, आणि या थरातले पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेले की त्वचा ताठरते, तिचे पापुद्रे सुटतात आणि जिथे ती सतत वाकते तिथे, म्हणजे तुमच्या पेरांवर, चिरा पडतात.

यावरून मॉइश्चरायझरने काय करायला हवे ते कळते. काही पदार्थ पाणी धरून ठेवतात, उदाहरणार्थ ग्लिसरीन. काही पापुद्र्यांमधल्या फटी भरून त्वचा मऊ करतात, उदाहरणार्थ बहुतेक वनस्पतीतेले. आणि काही वरून थर देऊन पाणी उडू देत नाहीत, जसे मेण किंवा पेट्रोलियम जेली. तेलात स्वतःचे पाणी नसते, त्यामुळे ठणठणीत कोरड्या त्वचेवर कितीही तेल चोळले तरी ती तुकतुकीत दिसते, ओलसर होत नाही. मात्र ओल्या त्वचेवर तेच तेल पातळसर लावले, तर तिथले पाणी आत धरून ठेवायला ते मदत करते. म्हणून घरी करायचे ते बिनपाण्याचे मलम करावे आणि पाण्याची बाजू आंघोळीवर व हात धुण्यावर सोडावी. बिनपाण्याच्या मलमात सूक्ष्मजीव सहसा वाढत नाहीत, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्नही उरत नाही.

तेलाची निवड मात्र विचारपूर्वक करावी, कारण सगळी तेले त्वचेला सारखी मानवत नाहीत. ज्या तेलात लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल भरपूर असते ते त्वचेच्या वरच्या थराला पोषक ठरते, कारण हे आम्ल तिच्या सिरॅमाइडमध्येच वापरले जाते. ओलेइक आम्ल हे दुसरे स्निग्धाम्ल जास्त असलेले तेल उलट हा थर सैल करू शकते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढ व्यक्तींच्या हातांवर काही आठवडे दररोज तेल लावून पाहिले, तेव्हा ऑलिव्ह तेलाने त्वचेचे संरक्षण कमकुवत झाले आणि किंचित लालीही आली, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसे काही झाले नाही. यात एक बारकावा आहे. सूर्यफुलाच्या तेलाचे 'हाय ओलेइक' असे लिहिलेले प्रकारही मिळतात आणि त्यांत नेमके उलटे प्रमाण असते. तेव्हा बाटलीवरची माहिती वाचून साधे, लिनोलेइक आम्लाचे तेल घ्यावे.

खोबरेल तेलावर माझा राग नाही. त्यात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते, ते सहजासहजी खवट होत नाही, साधारण 24 अंश सेल्सियसच्या खाली थिजते, आणि हातापायांच्या कोरडेपणाला ते चांगले चालते. चेहऱ्यावर, विशेषतः ज्यांना मुरुमे येतात त्यांच्या चेहऱ्यावर, ते रंध्रे बुजवू शकते. तुमच्या कपाळावरच्या पुटकुळ्या खोबरेल तेलामुळे आल्या, बिघडलेल्या क्रीममुळे आल्या की लव्हेंडरमुळे, हे पत्रावरून सांगता येणार नाही; तिन्ही शक्य आहेत. चेहऱ्याला काही दिवस घरचे काहीच लावू नका आणि पुटकुळ्या ओसरतात का ते पाहा.

हातापायांसाठी मलमाचे प्रमाण असे घ्या : सूर्यफूल तेल 60 ग्रॅम, शिया बटर (शिया झाडाच्या बीतून काढलेला घट्ट स्निग्ध पदार्थ) 25 ग्रॅम आणि मधमाशांचे मेण 15 ग्रॅम. हे प्रमाण वजनाचे आहे, चमच्यांचे नाही, आणि त्यासाठी ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. भांडी, चमचा आणि डबी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. पूर्ण म्हणजे झाकणाच्या आट्यांत अडकलेला थेंबसुद्धा नको. पातेल्यात पाणी मंद आचेवर तापवून त्यात काचेचे जाड भांडे ठेवा आणि त्या भांड्यात तेल व मेण घाला. मेण 62 ते 64 अंशांना वितळते, त्यामुळे घाई करून आच वाढवण्याची गरज नसते. थेट आचेवर तेल आणि मेण कधीही ठेवू नये, कारण ते पेट घेऊ शकते. मेणाचा शेवटचा खडा विरला की शिया बटर घालून हलवा आणि ते विरघळताच भांडे बाहेर काढून कोरडे पुसा, म्हणजे ओतताना बुडाचे पाणी डबीत पडणार नाही. व्हिटॅमिन ई वापरायचे असेल तर आता अर्धा ग्रॅम घाला. तेल खवट होणे लांबवण्याचे त्याचे खरे काम ते इथे करील.

डबीत ओतण्यापूर्वी एक थेंब गार बशीवर टाकून मिनिटभर थांबा. तो आधी कडेने धुरकट होतो, मग मधोमध पिवळसर पांढरा होऊन गोठतो. बोटाने दाबल्यावर तो अलगद पसरला पाहिजे. खडा लागला तर मिश्रणात थोडे तेल वाढवा, आणि पाण्यासारखा ओघळला तर चिमूटभर मेण घालून पुन्हा वितळवा. शिया बटर हळूहळू थंड झाले तर त्यातले काही स्निग्ध घटक आधी गोठतात आणि मलमात रव्यासारखे कण तयार होतात. ते अपायकारक नसतात, फक्त बोटाला टोचतात. ते टाळायचे असतील तर भरलेली डबी थोडा वेळ शीतकपाटात ठेवून लवकर थंड करावी. मात्र झाकण लावण्याआधी डबी सामान्य तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर झाकणाखाली दव साचते आणि आपण ज्या पाण्याला बाहेर ठेवले तेच मागच्या दाराने आत येते.

डबी छोटी, शक्यतो गडद रंगाची घ्या, तिच्यावर तारीख लिहा आणि ती न्हाणीघरात ठेवू नका. मलम ओल्या बोटांनी न काढता कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढा. साधारण तीन-चार महिन्यांत संपेल एवढेच करा, कारण लिनोलेइक आम्लाचे तेल त्वचेला जितके चांगले, तितकेच ते लवकर खवट होणारे असते. जुन्या रंगाचा किंवा मेणाच्या खडूंचा वास येऊ लागला की ती डबी संपली असे समजावे.

लावण्याची वेळ कृतीइतकीच महत्त्वाची आहे. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकावी, अंग घासून न पुसता टॉवेलने टिपावे आणि त्वचा दमट असतानाच, म्हणजे साधारण तीन मिनिटांच्या आत, मलम लावावे. किती लावावे यासाठी डॉक्टर एक सोपे माप वापरतात : ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघणारी क्रीमची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. मलम क्रीमपेक्षा घट्ट असल्याने याहूनही थोडे कमी लागेल. चिकट वाटत असेल तर बहुधा जास्त घेतले आहे.

हातांसाठी थोडी वेगळी शिस्त लागेल. हात धुऊन झाले की बोटांच्या बेचक्यांतले पाणी टिपा, ओलसर तळव्यावर शुद्ध ग्लिसरीनचे एक-दोन थेंब घेऊन पाण्यासह हातभर पसरा आणि लगेच वरून मुगाएवढे मलम चोळा. ग्लिसरीन पाणी धरते, मलम ते उडू देत नाही, आणि पाणी डबीत न ठेवल्यामुळे नासण्याचा प्रश्नच येत नाही. ग्लिसरीन पाण्याशिवाय नुसते लावू नये, कारण कोरड्या हवेत ते आतल्या थरांतले पाणी वर ओढू शकते, शिवाय चिकटते ते वेगळेच. भांडी व फरशी यांसाठी हातमोजे घाला आणि रात्री मलम जाडसर लावून वर सुती हातमोजे चढवा.

इतके करूनही चिरा भरल्या नाहीत, तर अभिमान बाजूला ठेवून साधी, सुवासविरहित पेट्रोलियम जेली आणावी. ती वनस्पतीजन्य नाही, खनिज तेलापासून मिळते आणि 1872 मध्ये तिचे पेटंट घेतले गेले होते. पण शुद्ध केलेली जेली त्वचेतून उडून जाणारे पाणी जितके रोखते, तितके घरात बनवलेले कोणतेही मलम रोखू शकत नाही, आणि तिची ॲलर्जी फारच क्वचित होते. नैसर्गिक असणे आणि त्वचेला सोसणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

तेव्हा काही नैसर्गिक पदार्थांपासून दूरच राहा. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास असतो, त्यामुळे चिरांवर तो झोंबतो. शिवाय विशेषतः त्याच्या सालीत असलेल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा 8 च्या वर सामू असलेला, तर निरोगी त्वचा साधारण 5 च्या आसपासची आम्लधर्मी, त्यामुळे तो चोळणे म्हणजे साबणाचाच त्रास पुन्हा ओढवून घेणे. दालचिनीचे तेल त्वचा जाळते. लव्हेंडरच्या तेलातील सुगंधी घटक हवेशी संयोग झाल्यावर ॲलर्जी निर्माण करू शकतात, आणि चिरा पडलेल्या हातांना वासाची गरज काय, हा प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. ताजी कोरफड आवडत असेल तर पान कापल्यावर सालीलगत निथळणारा पिवळा चीक पूर्ण जाऊ द्या, कारण तो त्वचेला खाज आणतो, आणि आतला पारदर्शक गर त्याच वेळी लावून संपवा.

नवीन मलम सर्व हातांना लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. ॲलर्जी एका रात्रीत दिसेलच असे नाही, म्हणून एका दिवसाची चाचणी पुरत नाही. खाज, लाली किंवा पुरळ आले तर धुऊन टाकून ते मलम सोडून द्या. मधमाशांच्या मेणाचीही काहींना ॲलर्जी असते.

बाळाला हे मलम लावू नका. बाळाची त्वचा पातळ असते, आणि जळजळलेल्या किंवा इसबाने फुटलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने शिरली, तर पुढे त्या अन्नाचीच ॲलर्जी होऊ शकते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात, शेंगदाण्याचे तेल असलेली क्रीमे त्वचेवर लावलेल्या बालकांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा संबंध आढळला होता. म्हणून घाण्यावरची, गाळून शुद्ध न केलेली दाण्यांची व सुक्या मेव्याची तेले, दूध, ओट यांचे घरगुती लेप बाळाच्या फुटलेल्या त्वचेपासून दूर ठेवावेत. त्वचा कोरडी असेल तर बहिणीने बालरोगतज्ज्ञांना विचारून सुवासविरहित तयार मलम वापरावे.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत चिरांतून रक्त किंवा पिवळसर स्राव येत असेल, भोवती सूज व उष्णता असेल, खाजेने झोप मोडत असेल, किंवा दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनही फरक पडत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सतत पाण्यात राहणाऱ्या हातांना होणारे इसब कोरडेपणासारखेच दिसते आणि त्याला औषध लागते. सर्वांगाची त्वचा अलीकडेच कोरडी पडू लागली असेल, तर थायरॉईड आणि मधुमेहाची तपासणीही डॉक्टर सुचवू शकतात.

राहिला भेटीचा प्रश्न. बिनपाण्याचे मलम मैत्रिणींना जरूर द्या, पण डबीवर प्रत्येक घटकाचे नाव आणि तयार केल्याची तारीख लिहा, आणि त्यांपैकी कोणाला मधमाशांच्या पदार्थांची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा, कारण शिया बटर हे एका प्रकारच्या कठीण कवचाच्या बीपासून काढतात. पावलांना लावल्यावर फरशीवर पाय घसरतो हे त्यांना सांगा, आणि मलम मुरलेले मोजे किंवा चादरी आगीजवळ सहज पेट घेतात, हेही. विकायचा विचार मनात आला, तर तो वेगळा विषय आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीला बहुतेक देशांत सुरक्षिततेचे आणि लेबलचे कायदे लागू असतात, आणि घरच्या पातेल्यात केले म्हणून त्यांतून सूट मिळत नाही.